विदर्भात आलेला पाहुणा आणि मधे उभा असलेला भाऊ

मोर्शीहून बोलतोय. ज्यांचे हेडफोन हरवलेत किंवा एसटीत बसून आवाज करता येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलताना जे 'म्हणजे', 'काय म्हणतात ते' झालं, ते काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आज एका प्लॉटची गोष्ट सांगायची आहे. मुलगा लांबून येतो, परक्या मुलखात येतो. तिथल्या मुलीचं त्याच्यावर प्रेम आहे. पण तिच्या घरच्यांनी तिचं लग्न दुसऱ्याच माणसाशी ठरवलंय. तयारी सुरू आहे, पाहुणे जमलेत. आता काय होणार?

तुम्ही म्हणाल, 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे', १९९५. बरोबर. पण मराठी रंगभूमीवर हाच प्लॉट १९१६ साली गाजत होता. त्याआधी १८८२ साली गाजला होता. आणि आमच्या मोर्शी तालुक्यात तर ही गोष्ट तेराव्या शतकात एका बाईने गाऊन दाखवली होती. हे मी वऱ्हाडी अभिमानाने बोलतोय असं वाटेल, पण शेवटपर्यंत थांबा.

परदेश म्हणजे किती लांब?

आज परदेश म्हटलं की आपल्याला व्हिसा आठवतो. आमच्या ऑफिसात 'ऑनसाइट' आठवतं. जुन्या मराठीत परदेश इतका लांब नव्हता. उत्तरेकडून येऊन आपल्या गावात राहिलेल्या लोकांना अजूनही आपण 'परदेशी' म्हणतो, काहींचं तर ते आडनावच झालंय. भाषा बदलली, जेवण बदललं, की परदेश सुरू.

त्या हिशोबाने द्वारकेचा कृष्ण विदर्भात आला तेव्हा तो परदेशातच आला होता. द्वारका पार गुजरातच्या टोकाला. रुक्मिणीचं माहेर कौंडिण्यपूर आमच्या अमरावती जिल्ह्यात, तिवसा तालुक्यात, वर्धा नदीच्या काठी. सरळ रेषेत मोजलं तरी अंतर साधारण ९५० किलोमीटर भरतं. आणि भागवत म्हणतं की हा माणूस एका रात्रीत रथाने पोचला. आमची एसटी अमरावतीहून मोर्शीला पोचताना जो वेळ घेते, तो पाहता हे आम्हाला जरा जास्तच कौतुकाचं वाटतं.

आमच्या गावाजवळ सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. त्याच्या जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. दमयंती विदर्भाची, तिने स्वयंवरात नळाला निवडलं. कालिदासाच्या 'रघुवंशा'तली इंदुमती विदर्भाची, तिने स्वयंवरात अजाला निवडलं. रुक्मिणी विदर्भाची, तिने कृष्णाला निवडलं. म्हणजे पुराणं आणि काव्यं वाचली तर असं वाटतं, की आमच्याकडच्या पोरी आपला नवरा आपणच निवडायच्या. लोक त्यांची नावं धरणाला देतात. घरात तसं कुणी केलं तर काय होतं, ते पुढे सांगतो.

१८८२: यात्रेला निघालेला अर्जुन

आधी थोडा इतिहास. मराठी नाटक सुरू झालं १८४३ साली सांगलीत, विष्णुदास भाव्यांच्या 'सीतास्वयंवरा'ने. त्या नाटकांत गाणं असायचं, पण गायचं कोण? सूत्रधार. एका बाजूला उभं राहून तोच सगळ्यांच्या वतीने पदं म्हणायचा. सीतेला काय वाटतं, ते सूत्रधार गाऊन सांगणार, आणि मग सीता तिथल्या तिथे सुचेल ते बोलणार.

हे बदललं बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांनी, म्हणजे अण्णासाहेबांनी. १८४३ सालीच जन्मलेला हा माणूस मूळचा बेळगाव-धारवाड भागातला, गुर्लहोसूरचा. कानात मराठी कीर्तनही होतं आणि कानडी चालीही. पारशी मंडळींचं 'इंद्रसभा' हे उर्दू संगीत नाटक पाहून त्यांच्या डोक्यात आलं, की हे मराठीत का होऊ नये? ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात त्यांनी 'शाकुंतल'चे पहिले अंक केले. आणि १८ नोव्हेंबर १८८२ ला आलं 'सौभद्र'.

फरक छोटा वाटेल, पण फार मोठा होता. आता शकुंतलेचं दुःख शकुंतलाच गाणार. सुभद्रेला काय वाटतं, ते सुभद्राच सांगणार. मधला माणूस काढून टाकला. आमच्या भाषेत बोलायचं तर युजरला थेट बोलायला दिलं.

'सौभद्र'ची गोष्ट अशी. अर्जुन तीर्थयात्रेला निघालाय. का? तर पांडवांनी द्रौपदीबाबत ठरवलेला नियम त्याच्याकडून मोडला. एका ब्राह्मणाच्या गाई सोडवायला शस्त्रं हवी होती, ती होती युधिष्ठिर आणि द्रौपदी बसलेल्या खोलीत, तो आत गेला. शिक्षा म्हणून घर सोडून फिरायचं. फिरता फिरता त्याला कळतं की जिच्यावर आपला जीव आहे त्या सुभद्रेचं लग्न तिचा थोरला भाऊ बलराम दुर्योधनाशी लावून देतोय. मग संन्याशाचा वेश, द्वारकेत मुक्काम. गंमत म्हणजे बलरामच भक्तिभावाने त्या यतीला घरी आणतो आणि बहिणीला त्याच्या सेवेला लावतो. कृष्ण मागून सूत्रं हलवतो. प्रेक्षकांना सगळं माहीत, फक्त बलरामाला माहीत नाही. त्यामुळे हसू थांबत नाही.

पहिला अर्जुन होता मोरोबा वाघोलीकर. सुभद्रा झाला बडोद्याहून आलेला विशीच्या आतला भाऊराव कोल्हटकर. त्याच्या आवाजासाठी लोक वेडे झाले. नाटकात शंभराच्या पुढे पदं होती. चाली कुठल्या? साकी, दिंडी, कीर्तनातल्या, लावणीच्या, कानडी मुलखातल्या. म्हणजे लोकांच्या तोंडात आधीच बसलेल्या. म्हणून नाटक पाहून घरी जाणारा माणूस वाटेतच ते गुणगुणू शकायचा. आणि 'सौभद्र' आजही होतं, जवळजवळ दीडशे वर्षं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. 'सौभद्रा'त रुक्मिणी आहे. कृष्णाची बायको, सुभद्रेची वहिनी. म्हणजे बलराम ज्या घरात बहिणीचं लग्न तिला न विचारता ठरवतोय, त्याच घरात एक वहिनी बसली आहे जी स्वतः असंच लग्न सोडून आली होती. आमच्या कौंडिण्यपूरची.

१९१६: पाहुणा आपल्या गावात

आता तिची गोष्ट. १० डिसेंबर १९१६, 'संगीत स्वयंवर'. लेखक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. हे टिळकांच्या तालमीतले, 'केसरी'त काम केलेले. यांचं 'कीचकवध' इंग्रज सरकारने १९१० साली बंद पाडलं होतं, कारण लोकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसायला लागला होता. असा माणूस प्रेमाचं नाटक लिहितो आणि त्याचं नाव 'स्वयंवर' ठेवतो. आपलं आपण निवडणं. ज्या वर्षी टिळक होमरूलची चळवळ उभी करत होते, त्या वर्षी. हा अर्थ खाडिलकरांच्या मनात किती होता हे मी ठरवणार नाही, पण थिएटरात बसलेल्या माणसाच्या कानावर तो शब्द कसा पडला असेल, ते तुम्हीच बघा.

रुक्मिणी झाले नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. तेव्हा त्यांचं वय २८. माझ्याएवढं. सुबोध भावेचा २०११ चा सिनेमा पाहिला असेल तर भरजरी शालू, अत्तर, प्रेक्षकांतल्या बायकांनी त्यांच्यासारखं नटणं, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी त्यात वेळ घालवत नाही.

मला बोलायचंय चालींबद्दल. 'स्वयंवर'चं संगीत भास्करबुवा बखल्यांचं. लहानपणी हे स्वतः किर्लोस्कर मंडळीत होते, आणि पुढे त्यांनी वेगवेगळ्या घराण्यांच्या खाँसाहेबांकडे बसून ख्यालगायकी शिकून घेतली. किर्लोस्करांनी लोकांच्या तोंडातल्या चाली नाटकात आणल्या. बखल्यांनी उलट केलं. मैफलीतल्या, राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यातल्या बंदिशी घेतल्या आणि त्यांच्यावर मराठी पदं बसवली. तिकीट काढून मागच्या बाकावर बसलेल्या माणसाला यमन, भीमपलास ऐकायला मिळाला. नाव माहीत नसेना का, कान तयार झाला. आज आपल्या आजी-आजोबांना राग ओळखता येतो, त्यामागे अशी नाटकं आहेत. यूट्यूबवर बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या आहेत, एकेक जेमतेम तीन मिनिटांची. रंगभूमीवर तेच पद 'वन्स मोअर' घेत घेत कितीतरी वेळ चालायचं, आणि नाटक संपेपर्यंत कोंबडं आरवायचं.

आणि एक प्रवेश. रुक्मिणी पहिल्यांदा रंगमंचावर येते आणि भावाला विचारते, की पाहुणा पोचला का. नाव घेत नाही. तेव्हाच्या मुलीने ते घ्यायचंही नसतं. एवढंसं वाक्य, पण बालगंधर्व ते असं म्हणायचे की लोक त्या एका वाक्यासाठी पुन्हा तिकीट काढायचे, असं जुने लोक सांगतात.

मला त्या वाक्यात वेगळीच गोष्ट दिसते. ती हे कुणाला विचारते? दादाला. जो दादा तिचं लग्न शिशुपालाशी लावायला निघालाय, त्यालाच. तिला वाटतंय, दादा आपला आहे.

कंपन्या तेव्हा गावोगाव फिरायच्या. वऱ्हाडात कापसाचा पैसा होता, रेल्वे होती. मुंबईहून निघालेली लाइन १८६७ साली नागपूरपर्यंत पोचली होती. अमरावतीत टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे गाण्या-नाटकाचे मोठे शौकीन होते. याच अमरावतीच्या वीर वामनराव जोश्यांनी पुढे 'रणदुंदुभी' लिहिलं, ज्यात मास्टर दीनानाथ गायले. म्हणजे नाट्यसंगीत ही फक्त पुण्या-मुंबईची गोष्ट नाही. १९३१-३२ मध्ये बोलपट आले आणि ही दुनिया आटत गेली.

तेरावं शतक: रिद्धपूर

आता तालुक्यात येऊ. रिद्धपूर. महानुभाव पंथाची काशी म्हणा. 'लीळाचरित्र' इथे लिहिलं गेलं, आणि आता मराठी भाषा विद्यापीठ इथेच झालंय. तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू राहायचे. त्यांचं वागणं जगावेगळं. मनात आलं की लहान मुलासारखे हट्ट करायचे. एकदा त्यांच्या मनात आलं, आपलं लग्न करायचं. भक्तांनी खोटंखोटं लग्न मांडलं. मग लग्नात गाणी नकोत? त्यांच्या सेवेत असलेल्या महदाइसेला सांगितलं, म्हण. तिने म्हटले ते 'धवळे'. धवळे म्हणजे लग्नात वरासाठी म्हणायची गाणी. विषय कुठला? कृष्ण आणि रुक्मिणीचं लग्न.

डोळ्यासमोर आणा. मांडलेला लग्नाचा खेळ, नवरदेव झालेला माणूस, जमलेली माणसं, आणि कथा गाऊन सांगणारी बाई. नाटक हा शब्दही तेव्हा कुणी वापरला नसेल. पण विदर्भात आलेल्या पाहुण्याची संगीत गोष्ट पहिल्यांदा अशी रंगली, मोर्शी तालुक्यात. महदाइसा मराठीतली पहिली कवयित्री मानली जाते.

एक फरक बघा. १८८२ ची सुभद्रा पुरुषाने लिहिली, पुरुषाने रंगवली. १९१६ ची रुक्मिणी पुरुषाने लिहिली, पुरुषाने रंगवली. मुलीला मन असतं, हे सांगायला रंगमंचावर एकही मुलगी नव्हती. आणि त्याच्या सहाशे वर्षं आधी रिद्धपूरला ही गोष्ट एक बाई स्वतःच्या तोंडाने सांगत होती.

पुढे संत एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलं. लग्न जुळत नसलेल्या मुलींनी त्याची पारायणं करायची पद्धत पडली. आमच्या घरी ती पोथी आहे. आजीने माझ्या धाकट्या बहिणीला ती वाचायला बसवलं होतं. म्हणजे जिने घरच्यांचं न ऐकता लग्न केलं तिची पोथी वाचायची, कशासाठी? तर घरच्यांनी ठरवलेला नवरा लवकर मिळावा म्हणून!

मधला माणूस

आता खरं कारण सांगतो, हा भाग मी का केला. बहिणीला विचारून सांगतोय.

ती पुण्यात नोकरी करते. मुलगा तिच्याच ऑफिसातला, ओडिशाचा, राउरकेलाचा. तिने हे घरात सर्वात आधी मला सांगितलं, मागच्या दिवाळीत, छतावर. म्हणाली, "दादा, बाबांशी तू बोलशील ना?" मी म्हणालो, "बघतो." आणि आठ महिने बघतच राहिलो.

मी काही तिच्या विरोधात नव्हतो. मी याच पॉडकास्टवर जातीबद्दल, मुलींच्या शिक्षणाबद्दल मोठमोठं बोललोय. पण मधल्या काळात बाबांनी एक स्थळ आणलं, वरुडकडचं, चांगली संत्र्याची बाग असलेलं. मला म्हणाले, "तू समजाव तिले." आणि मी बाबांनाही म्हणालो, "बघतो."

मग या भागासाठी भागवतातली मूळ गोष्ट वाचायला घेतली. रुक्मिणीने कृष्णाला निरोप पाठवला, तो वाचून मी थक्क झालो. नुसतं 'ये' म्हणून ती थांबत नाही, पूर्ण प्लॅन देते. तिला माहीत आहे तो काय विचारेल: राजवाड्यात शिरून तुला न्यायचं तर तुझीच माणसं मारावी लागतील, त्याचं काय? ती उत्तर आधीच देते. लग्नाच्या आदल्या दिवशी कुळदेवीच्या दर्शनाला मुलीला गावाबाहेर नेतात, तिथे ये. घरातलं कुणी मरायला नको. अमरावतीतले लोक सांगतात, ते देऊळ म्हणजे आपली अंबादेवी. कोड लिहिताना आम्ही ज्याला एज केस म्हणतो, ती तिने पळून जायच्या आधी सोडवून ठेवली होती. कारण पळून जातानाही तिला भाऊ जिवंत हवा होता.

तरी भाऊ मागे धावलाच. रुक्मी. बहीण गवळ्याबरोबर गेली, हा त्याचा राग. लढाईत हरला. कृष्ण मारणार, तर बहिणीनेच त्याच्या जिवाची भीक मागितली. कृष्णाने त्याचे केस आणि मिशी भादरून सोडून दिलं. आणि तेव्हा कृष्णाला रागावलं कोण? बलराम. म्हणाला, नातेवाइकाचा असा अपमान करतात का? आणि रुक्मिणीची समजूतही त्यानेच काढली.

तोच बलराम! दुसऱ्याची बहीण तिच्या मनाने लग्न करते तेव्हा तिच्या बाजूने सैन्य घेऊन उभा राहिला. तिचं दुःख त्याला कळलं. आणि स्वतःच्या बहिणीची वेळ आली, तेव्हा? सुभद्रेला विचारायचं त्याच्या मनातही आलं नाही.

इथे मी फोन बाजूला ठेवला. कारण मी रुक्मी नव्हतो, मी इतका वाईट नाही. मी बलराम होतो. जगाच्या बहिणींसाठी एपिसोड करणारा आणि स्वतःच्या बहिणीसाठी 'बघतो' म्हणणारा. किर्लोस्करांनी बलरामाला खलनायक केलं नाही, तो प्रेमळ आहे, भोळा आहे, लोक त्याला हसतात. म्हणूनच तो जास्त खरा वाटतो. बहिणीचं वाईट व्हावं असं त्याला मुळीच वाटत नाही. फक्त तिच्या वतीने आपणच बोलायचं, ही त्याची सवय आहे. जुन्या नाटकातल्या सूत्रधारासारखी. किर्लोस्करांनी रंगमंचावरून जो मधला माणूस काढला, तो आमच्या घरात अजून उभा होता.

मागच्या रविवारी मी बाबांना सांगितलं. समजावलं नाही, एवढंच म्हणालो, "तिला काही बोलायचं आहे, आणि मला हे आठ महिन्यांपासून माहीत आहे." फोन स्पीकरवर ठेवला. पुढचं ती बोलली. मी गप्प होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की गप्प राहायलाही हिंमत लागते.

बाबा काहीच बोलले नाहीत. उठून वावरात गेले. आजी ओसरीतून म्हणाली, "पोथी वाचाले लावली पोरीले, मंग आता काऊन घाबरता बाप्पा?"

दोन दिवस घरात ताटं वाजण्याशिवाय आवाज नव्हता. माझ्याशी बाबा अजून नीट बोलत नाहीत, जास्त राग माझ्यावर आहे, लपवून ठेवलं म्हणून. तो बरोबरच आहे. काल रात्री जेवताना, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "राउरकेलाहून बडनेऱ्याले सरळ गाडी हाय का?"

मी सांगितलं, हावडा-मुंबई लाइन आहे, थेट गाड्या आहेत.

"हं," म्हणाले, आणि वाटीतली भाजी संपवली.

याचा अर्थ होकार असा मी काढत नाही. तुम्हीही काढू नका. पाहुणा अजून यायचाय. काय झालं ते पुढे कधी तिने परवानगी दिली तर सांगेन, आणि खरं तर तीच सांगेल, माईक तिच्याकडे देईन.

तोवर एक काम करा. आज रात्री 'सौभद्रा'तलं एखादं पद शोधून ऐका, मग 'स्वयंवरा'तलं. एक तुम्हाला लगेच गुणगुणता येईल, दुसऱ्याला थोडा वेळ लागेल. का, ते आता तुम्हाला माहीत आहे. आणि तुमच्या घरात कुणी तुम्हाला 'दादा, बोलशील ना?' विचारून बसलं असेल, तर ऐकून झाल्यावर फोन तिच्या हातात द्या.

भेटू पुढच्या भागात. ऐकत राहा, वाचत राहा.